अंगापेक्षा बोंगा

इंजिन उचलायची क्रेन शनिवारी भाड्याने आणली,
सोमवारी सकाळी नऊच्या आत परत करायची.
मधल्या अवधीत
बाराशे सीसीचं बाहेर
आणि दोन हजारांचं आत.
ग्वेनो, वय वर्षं नऊ, विचारते :
"आणि गाडी तेवढीच राहणार?"
तेवढीच राहणार.

खाली बसवलेली, रुंद चाकांची,
मागे पंख लावलेली माझी हॅचबॅक.
दिसायला वाघ, चढाला गोगलगाय.
आणि ऱ्होंडा खोऱ्यात चढ सोडून आहे काय?
गॅरेजात मावते एक गाडी नि दीड माणूस.
दीडातली अर्धी ग्वेनो.

जुनं इंजिन सहज निघालं.
दाढ निघावी तसं नाही,
पाहुणा उठावा तसं;
मीच "बसा" म्हणालो नाही, एवढंच.

वायरींच्या टोकाटोकाला ग्वेनो कागदी पट्ट्या चिकटवते,
निळ्या पेनाने लिहिते :
"पंखा." "पाणी किती गरम."
"हे बाबांना माहीत नाही."
या शेवटच्या पट्ट्या अकरा.

नवं म्हणजे नवं नव्हे.
मेनिर प्रॉसर, खोऱ्यातली फिरती नर्स,
तिच्या गाडीला पावाच्या व्हॅनने मागून ठोकलं.
डिकी पुढच्या सीटशी बोलायला आली,
इंजिनाला ओरखडा नाही.
एक लाख चौसष्ट हजार मैल,
दर सहा हजारांना तेल, वहीत शिक्का.
किल्ली देताना म्हणाली,
"थंडीत पहिली दोन मिनिटं कुरकुरतं. लक्ष देऊ नकोस."

शेजारचा हॅडिन भिंतीवरून डोकावला :
"म्हणजे काळीज बदलतोयस गाडीचं!"
काळीज कसलं.
काळजाला तीन माउंट नसतात,
आणि अठरा मिलिमीटर कमी पडले
तर ग्राइंडर लावता येत नाही.

रविवार, रात्रीचे अकरा.
अठरा मिलिमीटर.
दोन माउंट बसले, तिसरा
दारात अडलेल्या कपाटासारखा.
मोजलं, शिव्या घातल्या, पुन्हा मोजलं.
शिव्यांनी माप बदलत नाही,
तरी मधूनमधून तपासून घ्यावं.
मग पट्टी कापली, वेल्डिंग केलं,
काचेवर निळा उजेड नाचला,
समोर कोणीतरी पडदा ओढला.

बॉनेट बंद होत नाही.
दोन बोटं वर राहतं,
झोपेत तोंड उघडं पडलेल्या माणसासारखं.

विमा कंपनीच्या बाईंना फोनवर सगळं सांगितलं.
"कारण?" त्यांनी विचारलं.
त्यांच्याकडे कारणाचा रकाना असतो.
म्हणालो, आधीचं लहान होतं.
"पण चालत होतं?"
हो.
चालत होतं.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, चालू झालं.
कुरकुरलं.
मी घड्याळ लावून ऐकलं : दोन मिनिटं.

मेनिरच्या दारात हॉर्न वाजवावा लागला नाही.
आवाज ओळखून सपाता घालूनच बाहेर आली,
बसली, पट्टा लावला.
गावात वीसची मर्यादा,
पायाखाली दीडशे घोडे,
आणि मी एकोणीसने.
ती काचेवर बोट टेकवत राहिली :
"इथे पहाटे तीनला.
इथे जुळी.
त्या हिरव्या दारात अकरा महिने, रोज.
चहात साखर फार घालायचा बिचारा."
दारादाराशी इंजिन जरा मंद होतंय
असं मला वाटलं.
पाय माझाच होता.

शेवटचं घर मागे पडलं,
डोंगराच्या रस्त्यावर मर्यादेची पाटी संपली.
मी तिच्याकडे पाहिलं.
"बघतोस काय," मेनिर म्हणाली,
"इतक्या वर्षांत मी कधी दाबून पाहिलंच नाही."

दाबलं.
बॉनेट दोन बोटांवरून तीनवर गेलं.
ती काहीतरी ओरडली,
माझं नाव असेल, नाहीतर त्या हिरव्या दारातल्याचं;
त्या आवाजात
मला नीट ऐकू आलं नाही.